जपानी हाव

दसऱ्याच्या दिवशी पंजाबराव 'हाव' म्हणाले होते, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि आज पाडव्याला, वहीपूजन आटोपून, वहीवरचं कुंकू अजून ओलं असताना, ते तक्क्याला टेकून म्हणाले, "म्या कधी हो म्हनलं?"

पुतणीच्या, कोकिळेच्या, हातातलं फराळाचं ताट तिथल्या तिथे थांबलं.

"मोठेबाबा, दसऱ्याले. याच गादीवर. मी म्हनलं, जपान सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, ओसाकाच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकायले जायचं हाय, जाऊ का? तुमी म्हनलं, हाव."

"तं मंग? हाव म्हनलं. आयकलं, असं म्हनलं. जाय, असं कुठी म्हनलं?"

चूक तशी कोकिळेचीच होती. वऱ्हाडात हाव म्हणजे हो. पण पंजाबरावांच्या तोंडी हाव म्हणजे 'बोल, कान इकडंच आहेत.' कापसाच्या बाजारात उभं आयुष्य गेलेला माणूस. हो म्हटलं तर अडकतो आणि नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जातं, म्हणून मधला रस्ता त्यांनी कधीच धरून ठेवला होता. त्यांच्या मुलाने, भगवानरावांनी, एकदा या हावच्या भरवशावर जिनिंगसाठी नवी मोटार मागवली होती आणि ती वर्षभर शेडमध्ये गोणपाट पांघरून बसली होती. पंजाबरावांचे धाकटे भाऊ, कोकिळेचे वडील हिंमतराव, तर उंद्रीला अर्धी विहीर खणून बसले होते. ती अर्धीच राहिली. घरातलं शेंबडं पोरही हे जाणून होतं. पण कोकिळा मामाकडे मुंबईला राहून बी.ए. झाली, संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जाऊ लागली, आणि घरचं व्याकरण विसरली.

"मी तिकडं होकार कळवला, मोठेबाबा. उद्या पक्की तार करायची हाय. नाई केली तं जागा दुसऱ्याले जाईन."

"जाऊ दे मंग," पंजाबराव म्हणाले आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचू लागले.

कोकिळेने वडिलांकडे पाहिलं. हिंमतरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. दादाच्या शब्दाबाहेर ते आजवर गेले नव्हते, आणि पोरगी कितीही लाडकी असली तरी आज जातील असं त्यांचं त्यांनाही वाटत नव्हतं. उंद्रीहून एस.टी.ने बुलढाण्याचा घाट उतरून मलकापूरला येताना त्यांनी तिला सांगितलं होतं, "दादानं हाव म्हनलं ना, मंग झालं." आता त्यांना ते वाक्य गिळता येईना.

कोकिळेची आई वच्छलाबाई माजघराच्या दाराआड उभ्या होत्या. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरांसमोर, त्या येत नसत. बोलायचंच झालं तर चौकटीमागून बोलत. लेकीचं ताट थांबलेलं त्यांना दिसलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. देऊळगाव राजाचं स्थळ आलं होतं. मुलगा वकील होता आणि बालाजीच्या यात्रेनंतरही ते लोक उत्तरासाठी थांबले होते. दोन वर्षं कोण थांबतं? देवाने परस्पर काम केलं, असं त्यांच्या मनात आलं. पण मग कोकिळेने मान खाली घातली, आणि मान खाली घालायची ती पद्धत वच्छलाबाईंच्या ओळखीची होती. ती त्यांची स्वतःची होती. त्यांना ते अजिबात आवडलं नाही.

कोकिळेच्या बाजूने तेव्हा एकच माणूस होता, भगवानराव. अडतीचं काम आता तेच पाहत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाबा, जरा माह्यं आयका. आजकाल जपानचा माल कुठी नाई? ट्रान्झिस्टर त्याहिचा, शिवनयंत्र त्याहिचं. टोकियोत ऑलिंपिक केलं त्याहीनं. कोकी तिकडं धंदा शिकून आली, दोन गिरण्यांची ओळख घेऊन आली, तं आपल्या अडतीचं नाव कुठल्या कुठी जाईन. ते बिजनेसच शिकवतात तिथं. सांग वं कोकी."

"शिकवतात, भगवानदादा. दुसऱ्या वर्षी."

"अन् पहिल्या वर्षी?"

खोटं बोलायची ही वेळ सोन्यासारखी होती. कोकिळेला ती साधता आली नाही.

"पहिल्या वर्षी नुसती भाषा. मंग साहित्य. त्याहिच्या जुन्या गोष्टी, कविता, नाटकं. त्याच्यासंगं व्यापार."

"कविता?" भगवानरावांची खुर्ची जिथून आली होती तिथे परत गेली. "कविता वाचायले बोटीत बसून जपानले? कविता काय मलकापुरात नाई भेटत? मले वाटलं धंदा शिकून राह्यली पोरगी. बाबा, तुमचंच बरोबर हाय."

एवढ्यावरच त्यांनी बाजू बदलली. भगवानराव वाईट माणूस नव्हते. मनात अडतीची एक पाटी रंगवून बसले होते, तिच्यावरचा रंग उडाला, एवढंच.

पंजाबरावांना मात्र जोर आला. त्यांनी चिवडा बाजूला सारला.

"भाषा काऊन शिकायची?" ते म्हणाले. "म्या जपान्यासंगं पाच हंगाम धंदा केला. एक शबूद नाई बोल्लो. उपरन्याखाली हात घातला, बोटं दाबली, सौदा झाला. भाषेनं कोनाचं भलं झालं? भाषेनंच तं त्या वाकड्यानं मले गंडवलं."

वाकडा हा शब्द निघाला की घरातले लोक बूड टेकून बसत, कारण ती गोष्ट संपूर्ण व्हायचीच. लढाईच्या आधी कापूस घ्यायला मलकापूरला एक जपानी येत असे. नाव ओकादा. बाजाराच्या जिभेवर त्याचा पहिल्याच आठवड्यात वाकडा झाला. ठेंगणा, साहेबी टोपीतला, सरळ पाठीचा माणूस. त्या काळी भाव बोलून होत नसे. व्यापारी आणि अडत्या उपरण्याखाली हातात हात घालत, बोटं धरून आकडे सांगत, आणि शेवटी पंज्यावर मूठ बांधली की सौदा पक्का. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. पुढे बाजार समितीने ते बंद केलं आणि उघडी बोली आणली. पण पंजाबराव दर पाडव्याला घरातल्या पुरुषांचा हात एकदा उपरण्याखाली घेऊन मुहूर्ताचा सौदा करीतच. आजही उपरणं घडी करून गादीवर ठेवलेलं होतं.

"जेवाले बसला होता तो आपल्या घरी," पंजाबराव म्हणाले. त्यांचा आवाज इथे दर वेळी थोडा उतरत असे. "ठेचा खाल्ला. डोळ्यातून पानी वाह्यलं, पन ताटात कन नाई टाकला. माह्या मनात भरला होता तो मानूस. अन् त्याच मानसानं…"

"सलाम आलेकुम, पाडव्याच्या शुभेच्छा," म्हणत दारातून रहेमतुल्ला आत आले. ते जुने दलाल. पाडव्याला अत्तराचा फाया घेऊन यायचं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. गादीवरची तोंडं पाहून त्यांनी चपला जरा हळूच काढल्या. "कोन मेलं?"

"कोनी नाई. वाकडा चालू हाय," भगवानराव म्हणाले.

"अच्छा, मंग बसतो. कुठपर्यंत आला? ठेच्यापर्यंत?"

"रहेमत, तूच सांग या पोरीले," पंजाबराव म्हणाले. "तू बाजूलेच होता. अंगनात अव्वल कापूस पडला होता. म्या त्याले साफ इचारलं, माल तुह्यासाठी थांबवतो, कोनाले देत नाई, सौदा पक्का हाय? काय म्हनला तो?"

"हाय म्हनला."

"एकदा?"

"तीनदा. हाय, हाय, हाय. अन् कंबरेतून वाकला."

"अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला तो गेला!" पंजाबरावांनी तक्क्यावर हात आपटला. "माल अंगनात. आठ दिवस वाट पाह्यली. अवकाळी पानी आलं, कापूस पिवळा पडला, लोकं पाहाले येत. अन् तू त्या लोकांची भाषा शिकायले जातं? ज्याहिचा हो म्हंजे हो नसते?"

तेव्हापासून घरात 'जपानी हाव' असा शब्दच झाला होता. दिलेला शब्द पाळला नाही की जपानी हाव. दूधवाला येतो म्हणून आला नाही, जपानी हाव. कोकिळा हा शब्द ऐकत लहानाची मोठी झाली होती आणि त्याच्यावर हसलीही होती. पण आज पहिल्यांदा तो प्रश्न आणि ते उत्तर तिने नीट कान देऊन ऐकलं. सौदा पक्का हाय? हाय.

ती पुढे सरकली.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "तो हाय नाई म्हनला."

"आता तू सांगशीन? तू तवा जन्मली तरी होती का?"

"तो 'हाय' म्हनला, पन आपलं हाय नाई. त्याहिच्या भाषेत हाय हा वेगळा शबूद हाय. त्याचा अर्थ हो असा होते कधीकधी. पन समोरचा मानूस बोलत असला की ते मधी मधी हाय हाय म्हनतात, म्हंजे…" इथे तिला थांबावं लागलं, कारण हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. "म्हंजे आयकून राह्यलो. बोल, कान इकडंच हायेत."

दाराआडून वच्छलाबाईंचं हसणं फुटलं. त्यांनी तोंडावर पदर दाबला, पण आवाज जायचा तो गेलाच.

"खरं सांगतो," कोकिळा घाईने म्हणाली. ती घाईत असली की लहानपणीसारखी मुलाच्या भाषेत बोलत असे. "आमच्या वर्गाले जपानी बाई हायेत. पहिल्याच आठवड्यात म्या त्याहिले म्हनलं, उद्या माह्या मामेबहिनीचं लगन, मी येत नाई, चालते का? त्या मान हलवत हाय, हाय, हाय. मी गेलो लग्नाले. तिसऱ्या दिवशी आलो तं बाई लाल. म्हने, मी सुट्टी कधी दिली? मी तं नुसतं ऐकलं. तवा मले तुमचीच आठवन झाली होती, मोठेबाबा. वर्गात एकटीच हसत बसलो."

रहेमतुल्ला दाढीवरून हात फिरवत होते. "या अल्ला," ते पुटपुटले. "सत्तावीस-अठ्ठावीस साल आपुन त्या गरिबाले वाकडा म्हनून राह्यलो."

"अन् दुसरं," कोकिळा म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. "तुमीच शिकवलं, सौदा मुठीनं होते, तोंडानं नाई. रहेमतचाचा, त्या दिवशी त्यानं मूठ बांधली होती?"

रहेमतुल्ला पंजाबरावांकडे पाहू लागले. दोस्ती एका बाजूला आणि इमान दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकाच गादीवर बसलेली.

"नाई," शेवटी ते म्हणाले. "भावावर अडलं होतं. त्यानं हात बाहेर काढून घेतला होता. मंग तुमी तोंडानं इचारलं. म्या त्याच संध्याकाळी म्हनलं होतं पंजाबभाऊ, मूठ बांधली नाई, माल मोकळा करा."

"म्हनलं होतं?" पंजाबराव ताठ झाले. "मंग म्या काय म्हनलं?"

"तुमी म्हनलं, हाव."

भगवानराव खुर्चीतच वाकून हसायला लागले. हिंमतरावांनी आधी कॅलेंडराकडे पाहून पाहिलं, पण तेही आवरेना. पंजाबराव मात्र हसले नाहीत. ते गादीवरच्या उपरण्याकडे पाहत राहिले.

त्यांच्या डोळ्यांसमोर तो ठेंगणा माणूस आला, ठेच्याने लाल झालेला, तरी भाकरीचा शेवटचा तुकडा खाऊन ताट स्वच्छ करणारा. पिवळ्या पडलेल्या कापसाचं दुःख त्यांना कधीच फार नव्हतं. कापूस पुढच्या हंगामात पुन्हा येतो. आपण माणूस ओळखायला चुकलो, हे त्यांना इतकी वर्षं टोचत होतं. बाजारात ज्याला सगळे माणसांचा पारखी म्हणत, त्याला एका वाकणाऱ्या माणसाने उल्लू बनवलं. आणि आता ही पोरगी सांगत होती की चुकलो नव्हतो. माणूस सरळच होता. एक शब्द ओळखीचा वाटला आणि आपणच त्याच्या गळ्यात पडलो.

"म्हंजे तो खोटा नवता," ते म्हणाले.

"नवता, मोठेबाबा."

"अन् तिकडं त्याले ठाऊकही नसंन, मी रागावलो ते. पुढं आलाच नाई तो. मंग लढाईच लागली." त्यांनी उपरण्याच्या काठावरून बोट फिरवलं. "सांगाले कोनी नवतं."

भगवानरावांचं हसू ओसरलं. आपली पाटी अजून त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती, आणि ती आता निराळ्या रंगात दिसायला लागली होती. धंदा शिकलेले दहा लोक मिळतील. हाय कोणतं आणि हाव कोणतं, हे सांगणारं माणूस आधी लागतं. पण दोनदा बाजू बदललेली बरी दिसत नाही, म्हणून त्यांनी नुसतं विचारलं, "कोकी, ते तुह्या कवितांमधी असंच असते का? म्हंजे मानूस म्हनते एक अन्…"

"तेच तं असते, दादा. दुसरं काय असते?"

तेवढ्यात चौकटीमागून आवाज आला.

"भाऊजी, म्या एक बोलू का?"

सगळे वळले. वच्छलाबाई भासऱ्यांशी आपण होऊन बोलल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. बायको आता देऊळगाव राजाचं काढणार, असं हिंमतरावांना वाटलं.

"हाव," पंजाबराव म्हणाले, आणि लगेच सावरून म्हणाले, "म्हंजे, बोल."

"माह्यं लगन ठरलं तवा माह्या बापानं मले दाराआडूनच इचारलं होतं, उंद्रीचं घर हाय, देऊ ना? म्या म्हनलं, हं. आयकलं म्हनून म्हनलं होतं, भाऊजी. त्याहीनं तेच धरलं अन् सुपारी फोडली."

"म्हंजे तुले…" हिंमतराव एकदम उभेच राहिले. "तू हो म्हनलंच नवतं?"

"आता बसा खाली. एवढ्या वर्षांनी काय उभं राह्यता? माह्यं बरंच झालं म्हना." त्यांच्या आवाजात हसू होतं, पण पुढचं वाक्य बोलताना ते राहिलं नाही. "पन मले शिकायचं होतं. तिसरीत पहिली आली होती मी. ते सांगायले गेली तं सुपारी फुटली होती. माह्या पोरीनं तं साफ इचारलं, भाऊजी. दोनदा इचारलं. तिले साफ सांगा. नाई म्हनायचं तं नाई म्हना. पन हाव नोको."

देऊळगाव राजाच्या वकिलाचं त्यांनी नावही काढलं नाही. तो थांबला तर थांबला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि त्यांना कितीतरी मोकळं वाटलं.

हिंमतराव अजून उभेच होते. बसायचं विसरले होते. "दादा," ते म्हणाले, "मलेही वाटते तिनं जावं. तुमी काहीही म्हना. वाटते." हे एवढंच, पण हे बोलायला त्यांना जन्म लागला होता.

पंजाबरावांनी सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग उपरणं उचलून त्यांनी घडी मोडली.

"मुहूर्ताचा सौदा राह्यला हाय," ते म्हणाले.

भगवानराव सवयीने पुढे सरकले.

"तू नाई बे. सरक." त्यांनी उजवा हात पुढे केला. "कोके, इकडं ये. बस समोर."

आजवर त्या उपरण्याखाली कुणा बाईचा हात गेला नव्हता. कोकिळा समोर बसली. तिने हात पुढे केला. पंजाबरावांनी त्यावर उपरणं टाकलं.

आत काय चाललं ते कुणाला दिसलं नाही. ते तसंच असायचं असतं. मोठ्या बाबांनी तिचं एक बोट धरलं. एक वर्ष. तिने मान हलवली नाही, कारण उपरण्याखाली मान हलवून सौदा होत नाही. तिने त्यांची दोन बोटं धरली. त्यांनी हात जरा मागे घेतला, पुन्हा एक बोट धरलं आणि बाजूला जरासं दाबलं: एक आणि थोडं. तिने पुन्हा दोन धरली, आणि या वेळी सोडली नाहीत. रहेमतुल्ला जुन्या सवयीने दोघांची तोंडं निरखत होते. पोरीच्या चेहऱ्यावर काही वाचता येत नाही, हे पाहून त्यांना मनापासून आनंद झाला.

आणि मग त्या म्हाताऱ्या, खरखरीत पंज्याने तिच्या सगळ्या हातावर मूठ बांधली.

"काय ठरलं?" भगवानरावांनी विचारलं.

"उपरन्याखालचं सांगत नाईत," पंजाबराव म्हणाले. "तुले एवढं ठाऊक नाई अन् अडत चालवतं?"

"पन भाऊजी," वच्छलाबाई आता चौकटीच्या अलीकडे आल्या होत्या आणि ते त्यांच्याही लक्षात नव्हतं, "उद्या तार करायची ना मंग?"

"हाव," पंजाबराव म्हणाले.

सगळ्यांनी एकदम कोकिळेकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. सौदा झाला की हात सोडायचा असतो, हा बाजाराचा नियम तिलाही ठाऊक होता. पण उपरण्याखाली मोठ्या बाबांनी तिचा हात अजून सोडला नव्हता.